यंत्राला जरा विश्रांती

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाची सर्किट बोर्ड घेऊन उशाशी. "मामा, हा चटका देतोय."

हा म्हणजे ७८०५, जास्तीचे व्होल्ट घेऊन नेमके पाच देणारा आयसी. तीन पाय, काळं अंग, पाठीला भोकाचा पत्रा. तिने सुट्टीत लाल आकड्यांचं घड्याळ जोडलं होतं. ते सुरू व्हायचं, थोड्या वेळाने आकडे मावळायचे, मग आपोआप परत यायचे आणि दर वेळी पुन्हा १२:००. घड्याळाचे अक्षरशः बारा वाजत होते.

"आयसी उडालाय ना? बदलू?"

"उडाला नाही गं, दमलाय," मी म्हटलं.

हे आमच्या घरचं निदान. चटणी वाटून झाली की मिक्सरला विश्रांती. पिक्चर संपला की टीव्हीला विश्रांती, शिवाय वरचं क्रोशाचं कव्हर लगेच घालायचं नाही, आधी त्याला गार होऊ द्यायचं. बाबांचा ट्रान्झिस्टर एलिमिनेटरवर, म्हणजे सेलऐवजी घरच्या विजेवर चालवणाऱ्या डब्यावर चालायचा. क्रिकेटची कॉमेंट्री रंगात आली की तो काळा डबा चांगला ऊबदार व्हायचा. थंडीत मी त्यावर तळवे शेकत बसायचो. बाबा एक हात त्यावर ठेवून ऐकायचे आणि ऐन मोक्याला म्हणायचे, "दमलं रे हे, पाच मिनिटं बंद करू." त्या पाच मिनिटांत हमखास कुणीतरी आउट व्हायचं. संपलेले सेल खिडकीत उन्हाला ठेवायचे, तोही त्याच शास्त्राचा भाग.

आम्ही बाबांना हसायचो. पण ७८०५ बनवणाऱ्यांनी नेमकी तीच अक्कल त्याच्या पोटात घातली आहे. आतलं तापमान दीडशे अंशांच्या आसपास गेलं की हा स्वतःच हात आखडता घेतो, आणि गार झाला की कामाला लागतो.

भाचीला अर्थातच हिशेब हवा होता. "बारा व्होल्टचाच तर ट्रान्सफॉर्मर आहे!" तिथेच तर गोम असते. एसीचे बारा डायोडच्या ब्रिजमधून जाऊन कपॅसिटरवर साठले की साडेपंधराच्या घरात जातात. घड्याळाला हवेत पाच. वरचे साडेदहा व्होल्ट कुठे जाणार? ०.३ अँपिअर करंट धरला तरी तीन वॅटहून जास्त नुसती उष्णता. हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा, नसेल तर याचं आतलं तापमान दर वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी चढतं. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता. सांगितलेलं काम तो इमानाने करत होता.

तिने तरीही तिची तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक रोखली. पत्र्यावर आकडा आला अगदीच किरकोळ. चकचकीत धातूवर ती अशीच फसते. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला तेव्हा कुठे खरं बोलली. मी मात्र बोटवाला. बोट ओलं करायचं आणि पत्र्याला निसटता स्पर्श, तव्यावर पाणी शिंपडून बघतात तसा. 'चर्र' झालं की समजायचं. पत्रा ग्राउंडला असतो, त्यामुळे शॉकची भीती नाही. चटक्याची आहे, पण त्याशिवाय तपासल्याचं समाधानही नाही.

मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून, हीट सिंक आणायला निघालो. पिशवीही घेतली होती. खरं तर हीट सिंक खिशात मावतो, पण तिथे गेल्यावर एकच वस्तू घेऊन परत येणं मला कधी जमलेलं नाही. तोवर तिने ड्रॉवरमधून एक बक कन्व्हर्टर काढून ७८०५च्या जागी जोडलासुद्धा. नखाएवढी पट्टी, तेच पाच व्होल्ट, आणि बोट लावलं तर जेमतेम कोमट. वरचे व्होल्ट हा जाळत बसत नाही. सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन हवे तेवढेच उचलतो.

घड्याळ आता छान चालतं. फक्त जवळ मीडियम वेव्हवर रेडिओ लावला की या चालू-बंदमुळे त्यात करकर येते. भाची म्हणते, "मीडियम वेव्ह ऐकतं कोण मामा?"

मी रेडिओ स्वयंपाकघरात हलवला.