पोस्ट-व्हॉइड

मंगळवार, रात्री अकरा

बाबांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट चार वेळा वाचला. प्रोस्टेट वाढलंय, गोळी चालू ठेवायची, बाकी ठीक. मी अडकलेय ती एका ओळीत. प्री-व्हॉइड २८० मिली, पोस्ट-व्हॉइड ६४ मिली. म्हणजे लघवीला जाऊन आल्यावरही पिशवीत उरलेलं. अर्थ कळत होता, तरी रिक्षात ती ओळ वाचताना रडूच यायला लागलं. बाबा पलीकडच्या बाजूला बसले होते, त्यांना दिसलं नसावं.

फेब्रुवारीत आलेल्या मेसेजांमध्ये हाच शब्द होता. व्हॉइड. नाहीतर पोकळी, कधीही भरून न येणारी. सगळ्यांना नुसते जोडलेले हात पाठवत गेले मी, एक शब्द आत उतरला नाही. आणि आज हे.

जेवताना बाबांना विचारलं, कोर्टात व्हॉइड म्हणजे नेमकं काय हो? इतक्या वर्षांची नोकरी, लगेच ताठ बसले. "मुळातच नव्हतं असं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ११. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न लावलं, तर ते मोडलं असं नाही म्हणायचं. ते झालंच नाही. व्हॉइडेबल वेगळं, कलम १२. ते कोर्ट रद्द करेपर्यंत असतं." मग पोळीचा तुकडा हातात तसाच राहिला त्यांच्या.

झालंच नाही असं कसं म्हणायचं? ४४ वर्षं संसार झाला. आमच्या घराला तो कोर्टाचा शब्द लागूच पडत नाही. रिपोर्टातला पडतो. तिथे व्हॉइड म्हणजे रिकामं करणं, म्हणजे आधी भरलेलं होतं. अव्हॉइडही त्याच घरातला, जुन्या फ्रेंचमधून आलेला; आधी रिकामं करणं, मग टाळणं. आईच्या कपाटाचं मी तेच चालवलंय. दादा म्हणतो एकदा बसून... जाऊ दे.

'एवढं मागे राहिलं तर चालतं,' डॉक्टर म्हणाले होते. चालत असेल.

ओट्यावर शेजारच्या काकूंचा डबा आठवडाभर पडून आहे. आई रिकामा डबा कधी परत करायची नाही, आणि मला त्यात काय घालावं सुचत नव्हतं. आत्ता पाणी प्यायला उठले, डब्याला हात लागला तर आत सळसळलं. उघडला. बाबांनी साखर भरून ठेवलीय. झाकणाच्या कडेला, ओट्यावरही दाणे सांडलेत. हात थरथरतो हल्ली त्यांचा.