कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर: अडकतं कुठे?

एकच सिनेमा एकदा बघायचा असेल तर सरळ एचडीएमआय केबल लावा. विंडोजमध्ये विंडोज की आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून टीव्ही निवडायचा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर दोष टीव्हीच्या ओव्हरस्कॅनचा, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतो त्याचा. पिक्चर साइझ ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा. फोर-के चित्र झटके देत असेल तर पोर्ट तपासा: एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच जातं, ६० साठी २.० लागतं.

रोजच्या वापराला मात्र जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला पुरवणारा प्रोग्राम, उत्तम. कॉम्प्युटरवर तो बसवायचा, फोल्डर दाखवायचं, टीव्हीवर त्याचं अ‍ॅप उघडून कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि पोर्ट क्रमांक ८०९६ टाकायचा. दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर हवीत. सर्व्हर सापडत नसेल तर आधी कॉम्प्युटरचा फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सुरक्षा) त्याला अडवत नाही ना, ते बघा.

खरी डोकेदुखी फॉरमॅटची. एमकेव्ही फाइल म्हणजे चित्र, आवाज आणि सबटायटल्स एकत्र ठेवणारं नुसतं वेष्टन. आतला डीटीएस प्रकारचा आवाज टीव्हीला झेपत नसेल, तर सर्व्हर सहसा फक्त आवाज बदलतो; पण एचईव्हीसी पद्धतीने दाबलेलं चित्र झेपत नसेल, तर तो चालू व्हिडिओच टीव्हीला चालेल अशा फॉरमॅटमध्ये बदलत बसतो, प्रोसेसर तापतो आणि चित्र थांबत-थांबत चालतं. पीजीएस प्रकारची सबटायटल्सही अनेकदा असंच करायला लावतात, कारण ती अक्षरं नसून चित्रं असतात. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांची सबटायटल फाइल वापरा, बराच भार उतरतो.

वाय-फाय ५ गिगाहर्ट्झचं घ्या. कॉम्प्युटर तरी केबलने राउटरला जोडाच.