दिवे लावले की इंजिन तापतं!

आमची डिझेल पिकअप वीस वर्षांची. घेताना आधीच्या मालकाने एवढंच सांगितलं होतं, "चढावर जरा गरम होते, पाणी बघत जा." मी मान डोलावली. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

पण पहिल्याच महिन्यात तापमानाच्या काट्याने वेड लावलं. कधी भर उन्हात मध्यावर शांत, तर कधी गार रात्री सपाट रस्त्यावरही थेट लाल पट्टीपाशी. एकदा तसंच गाडी बाजूला घेऊन फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघालो होतो. सोबतच्या मित्राने हात धरला म्हणून वाचलो. झाकणामुळे आत साधारण 1 बार जादा दाब असतो, म्हणून पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण निघालं की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

गॅरेजमध्ये गाडी नुसती बघूनच निकाल लागला: "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल." म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील फुटली. मी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, सेन्सर बदलला, फरक शून्य. आता वाटतं, पाना हातात घेण्याआधी वही घ्यायला हवी होती. उशिरा का होईना घेतली, आणि काटा कधी, कुठे, किती चढतो ते लिहायला लागलो.

चौथ्या दिवशी वहीतच चोर सापडला. रात्रीच्या सगळ्या नोंदी हेडलाइट चालू असतानाच्या होत्या. अंगणात गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं आणि दिवे लावले. काटा टुणकन वर! विझवले, खाली. चार-पाच लिटर पाणी असं क्षणात तापत नाही आणि निवत तर मुळीच नाही. मग शेजारच्या काट्याकडे लक्ष गेलं. दिवे लावले की डिझेलही वाढत होतं! डॅशबोर्ड खोलला तर मीटरच्या अर्थिंगची वायर गंजलेल्या स्क्रूवर जेमतेम टेकलेली. पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासली, नवी रिंग लावून वायर आवळली. रात्रीचा ताप तिथेच उतरला.

दिवसाचा मात्र खरा होता. माल भरून चढाला लागलं की काटा हळूहळू, पण हटकून चढायचा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना काही नाही. ही खूण मोलाची. उभ्या गाडीत तापत असेल तर आधी फॅन बघावा, कारण तेव्हा हवा ओढणारं दुसरं कोणी नसतं. वेगात किंवा ओझ्याखाली तापत असेल तर रेडिएटर कमी पडतोय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही, असा संशय घ्यावा.

हेड गॅस्केटचं भूत आधी उतरवलं. थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ, झाकण उघडं, मग स्टार्टर. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. गॅस्केट फुटून सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरत असता तर ते येतच राहिले असते. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच होतं, पाणी मिसळल्यासारखं दुधाळ नाही. पांढरा धूर नाही. काढून ठेवलेला जुना थर्मोस्टॅट पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळला, तर अंगावर कोरलेल्या 82 अंशांच्या जवळपासच त्याने तोंड उघडलं. बिचारा उगाच बदलला गेला.

शेवटी चढ चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं आणि तापमान मोजायची इन्फ्रारेड गन रेडिएटरच्या जाळीवर आडवी फिरवली. 84, 83, 81... आणि एकदम 52. पुन्हा 80. पुढे उजव्या टोकाला पुन्हा पन्नाशीत. आमच्या रेडिएटरच्या नळ्या उभ्या आहेत; म्हणजे गार पट्ट्यांमधल्या नळ्यांतून पाणी उतरतच नव्हतं. वर्षानुवर्षं साधं, क्षारांचं जड पाणी ओतल्याचा प्रसाद.

रेडिएटर पितळी होता, म्हणून टाक्यांची झाळ सोडवून नळ्या आतून साफ करता आल्या. निघालेला क्षार ओल्या विटेच्या भुग्यासारखा दिसत होता. परत बसवताना डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, हीटरचा कॉक उघडा ठेवला, गाडीचं नाक उंचावर घेतलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. हे करताना घाई केली तर आत हवा अडकते आणि गाडी पुन्हा तापते. मग सगळं पहिल्यापासून.

त्याच संध्याकाळी माल भरून तो चढ घेतला. अर्ध्यावर अंधार पडला, जरा धाकधुकीनेच दिवे लावले. दोन्ही काटे जागचे हलले नाहीत. तापमान मध्याच्या खाली, आणि डिझेल चक्क पाव टाकी. इतके दिवस रात्री मी अर्धी समजून चालवत होतो.