तुम्ही विचारलंत म्हणून : हवेत वीज गेली तर?

विद्यार्थ्यांचे पालक पहिल्या भेटीत हमखास विचारतात, की एवढ्याशा विमानात हवेतच वीज गेली किंवा रेडिओ बंद पडला, तर इंजिन थांबत नाही का आणि मुले खाली कशी येतात. मी अनेक वर्षे प्रशिक्षक म्हणून सेसना १७२ या चार आसनी विमानात विद्यार्थ्यांच्या शेजारी बसते, त्यामुळे या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

इंजिन थांबत नाही. त्यातील ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. इंजिनच्याच फिरण्यावर चालणारे दोन मॅग्नेटो ती निर्माण करतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, म्हणून मुख्य स्विच बंद केला तरी पंखा फिरतच राहतो. वेगमापक आणि उंचीमापक हवेच्या दाबावर चालतात, चुंबकीय होकायंत्राला वीज लागतच नाही, आणि पंखांवरील हवेचा प्रवाह तुटू लागल्याचा इशारा देणारा भोंगासुद्धा या विमानात हवेच्या दाबानेच वाजतो. वीज जाते तेव्हा रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण), दिवे, फ्लॅप्स (उतरताना वेग कमी ठेवायला पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणारे भाग) आणि इंधनाचे काटे निकामी होतात. यातले काटे विद्यार्थ्याला सर्वांत जास्त घाबरवतात, कारण टाक्या भरलेल्या असतानाही ते शून्याकडे झुकतात. उड्डाणापूर्वी टाकीत काठी बुडवून स्वतः इंधन मोजावे आणि निघाल्याची वेळ लिहून ठेवावी, असा आग्रह मी धरते तो यासाठीच.

एकदा एका विद्यार्थ्यासह सोलापूरहून परतत होतो. उंची साडेचार हजार फूट, उजवीकडे उजनीचे पाणी, हवा स्वच्छ. तेवढ्यात कमी व्होल्टेजचा लाल दिवा लागला. विद्यार्थ्याने मान खाली घालून सर्किट ब्रेकर चाचपायला सुरुवात केली आणि तेवढ्या वेळात विमान डावीकडे कलून दोनशे फूट खाली आले. या बिघाडातला खरा धोका हाच आहे, असे माझे ठाम मत आहे : वीज गेल्याने विमान पडत नाही, पण वैमानिकाचे डोळे क्षितिजावरून पॅनेलवर खिळले तर ते पडू शकते. मी त्याला आधी पंख समतल करायला लावले, उंची परत मिळवायला लावली, आणि मगच बिघाडाकडे वळलो. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद केला, त्याचा ब्रेकर जागेवर असल्याची खात्री केली, स्विच पुन्हा चालू केला. दिवा तसाच राहिला, तेव्हा अल्टरनेटर कायमचा बंद केला.

आता जवळ होती ती फक्त बॅटरी, आणि तिच्यावर साधारण अर्धा तास निघेल असे धरून चालायचे असते. म्हणून अनावश्यक उपकरणे बंद केली, एक रेडिओ तेवढा ठेवला, त्यावरून आमचे स्थान, बिघाड आणि पोहोचण्याची अंदाजे वेळ कळवली व तोही बंद केला. ऐकण्यापेक्षा बोलण्याला रेडिओ कितीतरी जास्त वीज खातो, म्हणून उरलेली वीज धावपट्टीजवळच्या दोन संदेशांसाठी राखून ठेवणे मला शहाणपणाचे वाटले. वाट दाखवायला सोलापूर-पुणे महामार्ग होताच. फ्लॅप्स मिळणार नाहीत असे गृहीत धरून आम्ही थोड्या जास्त वेगाने, चपट्या उताराने आलो. उतरल्यावर इंजिनचे झाकण उघडले, तर अल्टरनेटरचा पट्टा तुटलेला होता.

केवळ रेडिओ बंद पडला, तर गोष्ट अधिक सोपी असते. आधी आवाजाचे बटण, निवडलेली फ्रिक्वेन्सी आणि हेडफोनची पिन तपासावी, कारण पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. तरीही काही ऐकू आले नाही, तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा सांकेतिक आकडा टाकावा, म्हणजे रडारवर पाहणाऱ्याला न बोलताही कळते, आणि आपले बोलणे कोणाला तरी ऐकू जात असेल असे समजून हेतू सांगत राहावे. दृश्यमानता चांगली असेल तर जवळच्या योग्य विमानतळावर उतरावे. टॉवर असेल तर तिथून प्रकाशाची खूण मिळते : स्थिर हिरवा म्हणजे उतरण्याची परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या चालू ठेवा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. दिवसा पंख हलवून उत्तर द्यायचे. परीक्षेसाठी मुले या खुणा पाठ करतात, पण टॉवरच्या काचेमागचा तो बारीक दिवा सर्किटमधून, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतून, शोधायला नजर कुठे टाकायची, हे मी प्रत्येकाला उड्डाणातच दाखवते.

सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, देण्यापूर्वी मी सुरक्षित जागी, न सांगता, रेडिओचा आवाज शून्यावर आणते आणि विद्यार्थ्याला ते कळायला किती वेळ लागतो हे घड्याळात पाहते. ते लक्षात आल्यावर त्याचा पहिला हात कुठे जातो, बटणाकडे की विमान सावरायला, यावर त्या दिवशी त्याला एकट्याला सोडायचे की नाही हे मी ठरवते.