सगळे गड एकाच पत्त्यावर

माझ्या गडांच्या साइटबद्दलच्या मागच्या अपडेटमध्ये ऐटीत लिहिलं होतं, की जावास्क्रिप्टने हेडर-फूटर ओढून आणायचा उद्योग बंद, आता सगळं ह्यूगोच्या (साध्या फायलींतून साइटची तयार पानं बनवणारं साधन) पार्शलमध्ये, म्हणजे सगळ्या पानांत वापरायच्या सामायिक तुकड्यात. व्ह्यू सोर्स केलं (पानाचा मूळ कोड उघडला) की मेनूतल्या लिंका थेट एचटीएमएलमध्ये दिसतात, हा आनंद तीन आठवडे टिकला.

मग सर्च कन्सोल (गूगलला आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं. गडांची ६१ पानं, गूगलच्या शोधयादीत, म्हणजे इंडेक्समध्ये, उरली ४. बाकीच्यांवर शेरा: 'अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग'. म्हणजे मीच गूगलला सांगत होतो, हे पान सोडा, खरं पान तिकडे आहे. सुधागडचा सोर्स पाहिला, तर कॅनॉनिकल (खऱ्या पानाचा पत्ता सांगणारा टॅग) रतनगडचा. तिकोना? रतनगड. टायटलसुद्धा 'रतनगडाचं नेढं'! माझ्या ब्राउझरला कायम चाळीस टॅब, टायटल दिसतंय कुठे?

पहिला संशय बेसयूआरएलवर (सेटिंगमधला साइटचा मूळ पत्ता), कारण एकदा कॅनॉनिकलमध्ये लोकलहोस्ट (माझ्याच संगणकाचा पत्ता) तसंच वर चढवलं होतं. ते ठीक निघालं. मग पार्शलला टिंब (चालू पानाची माहिती त्याला पोचवणारी खूण) द्यायला विसरलो का ते पाहिलं. टिंब जागेवर. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी वैतागून, काहीही न बदलता पुन्हा बिल्ड मारला (सगळी पानं नव्याने बनवली), आणि सगळ्या पानांवर रतनगड जाऊन हरिश्चंद्रगड आला!

तेव्हा ट्यूब पेटली. हेडच्या (टायटल, कॅनॉनिकल असलेला पानाचा न दिसणारा भाग) पार्शलला मी 'पार्शलकॅश्ड' लावलं होतं. ते एकदाच रेंडर होतं आणि तोच तुकडा सगळीकडे चिकटतो. ह्यूगो पानं समांतर बनवतो, त्यामुळे ज्याचा नंबर आधी लागेल तो गड. इंडेक्समधली चार पानं म्हणजे वेगवेगळ्या बिल्डला पहिला नंबर लागलेली मंडळी. आणि हे सगळं वेग वाढवायला, ज्या साइटचा बिल्ड एका सेकंदाच्या आत होतो!

हेडला साधं पार्शल केलं, कॅनॉनिकल पानाच्या स्वतःच्या पर्मालिंकवरून (कायमच्या पत्त्यावरून). आता अपलोड करण्याआधी पब्लिक फोल्डरमधल्या (तयार साइट तिथे असते) गडांच्या पानांवर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारून सगळे कॅनॉनिकल काढतो, सॉर्ट-युनिक करून, म्हणजे एकसारखे गाळून, मोजतो. काल आधी १ आला होता, दुरुस्तीनंतर ६१. तो ६१ मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

साइटमॅप (गूगलसाठीची सगळ्या पानांची यादी) पहिल्यापासून बरोबरच होता, तरी पुन्हा सबमिट केला. एकेक पान हाताने इंडेक्सिंगला टाकायचा विचार होता, पण रोजचा कोटा आडवा येतो. गाभ्यातले दहा गड टाकले, बाकीचे येतील सावकाश.

(ज्यांची साइट पाच-सहा पानांची आहे त्यांनी माझ्या नादाला लागू नका. होस्टिंगवर एसएसआय (सर्व्हरनेच पानात दुसरी फाइल जोडायची सोय) चालत असेल तर हेडर-फूटरचं काम एका इन्क्लुड ओळीत होतं.)

फूटरला कॅश ठेवला, तिथे कॉपीराइटशिवाय काही नाही. मेनूचा काढणार होतो, कारण चालू विभाग ठळक दिसायला हवा. पण लिहिता लिहिता सुचलं, पार्शलकॅश्डला टिंबानंतर आणखी एक व्हेरियंट (कॅशची वेगळी प्रत ठेवायला सांगणारी खूण) देता येतो. तिथे सेक्शन दिला तर मावळ, कोकण, अकोले असा प्रत्येक विभागाचा वेगळा मेनू कॅश होईल. आज रात्री तेच करून बघतो. ग्रेप आधी, अपलोड नंतर.