तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी लेन्स, नवी बॉडी आणि लहान फाइल

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. शब्द बदलतात, मजकूर तोच: "ताई, पंचेचाळीस मेगापिक्सेलची कॅमेरा-बॉडी घेतलीय. जुनी चोवीस-सत्तर झूम लेन्स तिच्यावर चालेल ना? आणि फाइल फार जड होते, तर साइज 'एम'वर ठेवली तर बिघडत नाही ना?" ('एल', 'एम', 'एस' म्हणजे कॅमेऱ्यातली फाइलची मोठी, मधली आणि लहान मापं.) मी 'चालेल' म्हटलं की विचारणाऱ्याला वाटतं, टाळलं. 'बघावं लागेल' म्हटलं की वाटतं, लाखभराची लेन्स गळ्यात मारायची आहे. मी लेन्स विकत नाही. म्हणून जे माहीत आहे ते एकदा सगळं लिहून ठेवते.

लेन्स 'चालत नाही' असं होतच नाही. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पिक्सेल वाढले म्हणून तीच लेन्स आधीपेक्षा वाईट फोटो देत नाही. पैठणीच्या काठावरची बारीक वेलबुट्टी घ्या. समजा, तिचा साठ टक्के कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) लेन्सनं आत सोडला आणि त्यातला सत्तर टक्के सेन्सरनं टिपला, तर हाती बेचाळीस टक्के लागला. सेन्सर सुधारून सत्तरचे पंच्याऐंशी केले तर तीच लेन्स एक्कावन्न देते. सेन्सर जुनाच ठेवून लेन्स सुधारली, साठचे ऐंशी झाले, तर छप्पन्न. दोन्हीकडून फायदाच आहे, कुठे थोडा, कुठे जास्त. 'ही लेन्स चोवीस मेगापिक्सेलपर्यंतच पुरते' अशी भिंत कुठेही उभी नसते.

मग नव्या बॉडीवर फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर, का दिसतो? तुम्ही तो १०० टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर, उघडता म्हणून. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ६१ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर बघणं म्हणजे जवळजवळ २.६ मीटर रुंद प्रिंट हातभर अंतरावरून बघणं. चोवीस मेगापिक्सेलचा तसाच उघडला तर ती रुंदी १.६ मीटर होते. तुलना करायचीच तर दोन्ही फोटो एकाच मापाला आणून शेजारी ठेवा. हे दर वेळी सांगते आणि दर वेळी पुन्हा १०० टक्क्यांचाच स्क्रीनशॉट येतो.

आणखी एक. २०१२ साली निकॉनचा डी३२०० आला. लहान सेन्सर, २४ मेगापिक्सेल, म्हणजे एकेक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आजच्या ६१ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरवर, तो सुमारे ३.८ असतो, ४५ वर ४.४ आणि २४ वर ६. म्हणजे आज ज्या दाटीची धास्ती घेतली जाते, जवळपास तीच दाटी हजारो लोकांनी १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी स्वस्त लेन्स) लावून वापरली. फरक कडांचा आहे. फुल फ्रेम लेन्स लहान सेन्सरवर लावली की तिच्या कडा कापल्या जातात. फुल फ्रेमवर त्या उघड्या पडतात, आणि जुन्या झूमचं सगळं दुखणं तिथेच असतं.

हे मी आज इतक्या ठामपणे सांगते, पण पूर्वी माझंच म्हणणं वेगळं होतं. 'आधी लेन्स, मग बॉडी' हे मी डोळे झाकून सांगत आले. त्याला आधारही होता. निकॉननं ३६ मेगापिक्सेलच्या डी८०० साठी काढलेल्या तांत्रिक पुस्तिकेत शिफारशीच्या लेन्सची यादी होती आणि असल्या याद्या मनात घट्ट बसतात. त्या सल्ल्यावरून ज्यांनी कर्ज काढून लेन्स घेतल्या, त्यांच्या लेन्स वाया गेल्या नाहीत. पण सल्ला अर्धवट होता, हे एका फोटोनं दाखवलं.

फोटो सहस्रचंद्रदर्शनाचा, कोथरूडच्या एका कार्यालयातला. चोपन्न माणसं, अठराच्या तीन रांगा, रुंदी नऊ मीटर. समोर जेवणाची टेबलं लागलेली, मागे सरकायला जागा नाही. म्हणून २४-७० चोवीसवर आणून सहा मीटरवरून काढलेला. ॲपर्चर (लेन्सचं भोक; आकडा वाढला की ते लहान होतं) एफ/४, शटर १/६० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००. बॉडी ६१ मेगापिक्सेलची, पण फाइल 'एस', म्हणजे ४७५२ गुणिले ३१६८, कारण दिवसभराच्या कार्यक्रमाला कार्डं पुरवायची होती. मागच्या स्क्रीनवर सगळं शार्प दिसत होतं. छत्तीस बाय चोवीसची प्रिंट भिंतीवर लागली, कोणाची तक्रार नव्हती. उजव्या टोकाला आजोबांची धाकटी बहीण बसली होती. वर्षाच्या आत त्या गेल्या. घरात त्यांचा अलीकडचा दुसरा धड फोटो नव्हता, आणि हार घालायला त्यातूनच चेहरा मोठा करून मागितला गेला.

हिशेब साधा होता. नऊ मीटरमध्ये ४७५२ पिक्सेल, म्हणजे वीस सेंटिमीटर उंचीच्या चेहऱ्याला सुमारे १०५. दहा बाय बाराच्या फ्रेममध्ये चेहरा चार इंचांचा धरला तर इंचाला सव्वीस पिक्सेल. त्यात चोवीस मिमीच्या कडेला चेहरा आडवा ताणला जातो. फ्रेमच्या अगदी टोकाला हा ताण पाव पटीपर्यंत जातो, आणि तो लेन्सचा दोष नाही, इतक्या जवळून इतकं रुंद टिपण्याची ती भूमिती आहे. ताण सॉफ्टवेअरमध्ये कमी करता आला. डोळे आणले गेले नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन करड्या छटा होत्या, आणि तसाच चेहरा द्यावा लागला.

तेव्हा उत्तर दिलं गेलं, 'लेन्स जुनी आहे.' ते खरं आहे का हे नंतर तपासलं. नऊ मीटर भिंतीवर वर्तमानपत्राची पानं ओळीनं चिकटवली, सहा मीटरवर ट्रायपॉड, तीच लेन्स, चोवीस मिमी. 'एल' आणि 'एस' दोन्ही, एफ/४, ५.६ आणि ८ वर. 'एल'मध्ये एक पिक्सेल भिंतीवरचा जेमतेम एक मिलिमीटर व्यापतो, 'एस'मध्ये दोन. बातमीचा मजकूर कशातच वाचता येणार नव्हता, प्रश्न सेंटिमीटरभर उंचीच्या उपशीर्षकांचा होता. मध्यभागी एफ/४ लाच 'एल'मध्ये ती मात्रा-अनुस्वारांसकट वाचता आली, 'एस'मध्ये वेलांटी कुठली आणि मात्रा कुठली ते कळेना. डाव्या टोकाला 'एल'मध्ये कशीबशी वाचली. उजव्या टोकाला एफ/४ वर 'एल' आणि 'एस' सारखेच निकामी. तिथे ६१ मेगापिक्सेलनी काहीही जास्त दिलं नव्हतं. एफ/८ वर उजवं टोक सुधारलं, तरी डाव्याच्या बरोबरीला आलं नाही.

लेन्स जुनी होती म्हणून हे झालं नव्हतं. तिच्या आतलं एक भिंग किंचित सरकलेलं होतं. जुनी लेन्स दोन्ही टोकांना सारखी सॉफ्ट असते. एकच बाजू सॉफ्ट असेल तर बहुधा आतलं भिंग सरकलेलं असतं, बहुतेकदा कधीतरी बॅग आपटलेली असते. दुरुस्तीत भिंग पुन्हा मध्यावर बसवून घेतलं आणि तीच लेन्स अजून वापरात आहे.

तेव्हा चूक कोणाची? उजव्या टोकाच्या त्या चेहऱ्यापुरतं बोलायचं तर फाइल 'एल' असती तरी एफ/४ ला फार काही हाती लागलं नसतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही, मोजलेलं आहे. पण फ्रेमच्या मध्यभागी बसलेल्या कोणाचा चेहरा मागितला असता तर सगळा दोष 'एस'चाच होता, कारण तिथे लेन्सनं दिलेलं बरंच काही फाइल लहान करताना टाकून दिलं गेलं. आणि एफ/८ ठेवता आलं असतं. आयएसओ ६४०० झाला असता, नॉइज (दाणेदारपणा) दिसला असता. पण नॉइज नंतर कमी करता येतो, लेन्सनं न टिपलेले डोळे आणता येत नाहीत. टेबलं हलवून पावणेनऊ मीटरवर गेलो असतो तर ३५ मिमीवर तीच रुंदी बसली असती, ताणही निम्म्यावर आला असता. जेवणाची पानं वाढायच्या आधी पाच मिनिटं मागायची असतात. ती मागितली नाहीत.

आता लहान फाइलबद्दल, कारण इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे क्रॉप मोड, सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं. ६१ मेगापिक्सेलच्या बॉडीवर क्रॉप मोड लावला की २६ मेगापिक्सेल उरतात, आणि सोनीच्या ए७आर ५ मध्ये 'एम' मापाचं रॉसुद्धा (रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल) २६ चंच आहे. आकडा सारखा, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. क्रॉपमध्ये पिक्सेल ३.८ मायक्रॉनचाच राहतो, फक्त कडा जातात. म्हणजे लेन्सच्या मध्यभागावरची मागणी तसूभरही कमी होत नाही. दुसरी गोष्ट 'एम'. त्यात पूर्ण फ्रेम राहते आणि तपशील साडेपाच-सहा मायक्रॉनच्या पिक्सेलइतका होतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या बॉडीसारखाच. मध्यम दर्जाच्या झूमला हे झेपतं, कडांचा सॉफ्टपणाही बराच झाकला जातो. लेन्स चांगली असेल तर मात्र तिच्यासाठी दिलेले पैसे तुम्ही कार्डावर पोहोचण्याआधीच सोडून देता. सगळ्या बॉडींत हे सारखंही नसतं. निकॉन डी८५० मध्ये एम आणि एस रॉ १२ बिटचंच, म्हणजे कमी छटांचं, मिळतं, कॅननच्या आर५ मध्ये लहान मापाचं रॉ नाहीच, त्याऐवजी सी-रॉ, म्हणजे कॉम्प्रेस केलेलं रॉ, आहे.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशन. इथे पिक्सेल कमी होत नाहीत, लिहिण्याची पद्धत बदलते. लॉसलेस कॉम्प्रेस्ड निवडा, त्यात काहीच जात नाही. ६१ मेगापिक्सेलचं अनकॉम्प्रेस्ड रॉ १२० एमबीच्या घरात जातं. दोन दिवसांच्या लग्नात चार हजार फ्रेम धरल्या तर ४८० जीबी, आणि दुसरी प्रत वेगळी. याला कोणी वैतागलं तर मला समजतं, पण वैतागून थेट 'एस'वर उडी मारण्याआधी हा पर्याय बघा. लॉसी, म्हणजे थोडी माहिती टाकून देणाऱ्या, कॉम्प्रेशनमध्ये फाइल साधारण निम्मी होते आणि बहुतेक फोटोंत फरक दिसत नाही. दिसतो तो काळ्या अंधाराला लागून असलेल्या तेजस्वी कडेवर, सावल्या खूप उचलल्या की. सारसबागेतल्या दिवाळी पहाटेच्या पणत्या किंवा रात्रीच्या मिरवणुकीतले दिवे असतील तर लॉसी नको.

लेन्स तपासायला भिंत आणि वर्तमानपत्र लागतंच असं नाही, उलट भिंतीशी कॅमेरा समांतर ठेवणं अवघड असतं. पावसाळा संपला की पहाटे पर्वतीवर जा. ऊन तापलं की पत्र्यांवरून हवा थरथरते, मग लेन्स कितीही चांगली असो, सॉफ्टच दिसेल, म्हणून साडेसातच्या आत. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. लांबची एक इमारत निवडा, ती मध्यभागी मोठी करून हातानं फोकस करा आणि मग रिंगला हात लावू नका. त्याच इमारतीला चारही कोपऱ्यांत ठेवून चार फ्रेम काढा. पूर्ण उघड्या ॲपर्चरला एकदा, एफ/८ ला एकदा. एकच कोपरा किंवा एकच बाजू वेगळी दिसली तर लेन्स दुरुस्तीला न्या. चारही कोपरे सारखे सॉफ्ट असतील तर एका कोपऱ्यात पुन्हा फोकस करून बघा. तिथे शार्प झालं तर लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र आहे, मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसमध्ये येत नाहीत, एफ/८ ला बरंच निभावतं. तरीही नाही झालं, तर ती लेन्स कडेला तेवढीच देते, आणि तेव्हा नव्या लेन्सचा विचार करा. त्याआधी आतून टॉर्च मारून फंगस (बुरशी) बघा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट फंगसनं गेलेला असतो आणि दोष मेगापिक्सेलना दिला जातो.

एफ/८ वर थांबा म्हणते त्यालाही कारण आहे. प्रकाशाच्या विवर्तनानं, म्हणजे लहान भोकातून जाताना तो पसरतो त्यामुळे, बिंदूचा ठिपका एफ/८ ला साधारण ११ मायक्रॉनचा होतो, एफ/१६ ला २१. ३.८ च्या पिक्सेलवर एफ/१६ म्हणजे सगळ्यात महागडी लेन्सही किट लेन्सच्या रांगेत. शटर स्पीडचंही तसंच: ५० मिमीला १/५० हा जुना हिशेब विसरा, हातात धरून १/१०० तरी ठेवा.

आणि मी स्वतः काय करते, हेही विचारलं जातं. समूहफोटो 'एल', लॉसलेस, एफ/८, ३५ पेक्षा रुंद नाही. विधी 'एल'. रिसेप्शनच्या रांगेतले, स्टेजवर येऊन जाणाऱ्यांचे फोटो मात्र अजूनही 'एम'वर, कारण शेकडो फ्रेम असतात आणि अल्बममध्ये त्यांचं माप तळहाताएवढं. हिशेबानं हे बरोबर आहे. पण त्या रांगेतल्या कोणाचा चेहरा पुढे मोठा करून मागितला जाईल हे त्या संध्याकाळी कळत नसतं, आणि म्हणून त्या दोन तासांत मी 'एम'वरून 'एल'वर जाते, पुन्हा 'एम'वर येते.