खांब, मेंढ्या आणि चपला

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सरळ चालायची सोय नाही. मधोमध मोयऱ्याच्या केळ्यांचे घड, पलीकडे मातीची मडकी, आणि नेमक्या वळणावर हरमलची मिरची मांडून बसलेली एखादी मावशी. तरी गर्दी सरकत राहते. येणारे एका अंगाने, जाणारे दुसऱ्या. शिपाई नाही, पट्टे आखलेले नाहीत. पुढच्याच्या पाठीमागे राहिलं की धक्के कमी बसतात, एवढं पायांना कळतं. गर्दीचा अभ्यास करणारेही सांगतात की समोरासमोरच्या गर्दीत अशा रांगा आपोआप पडतात.

मला मात्र मौज वाटते ती खांबाची. 2000 साली डर्क हेल्बिंग या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात संगणकात उभ्या केलेल्या गर्दीवर एक लेख लिहिला. घाबरलेली माणसं अरुंद दाराशी रेटू लागली की त्यांचीच एक कमान तयार होते आणि सगळे तिथेच अडकतात, बरणीच्या तोंडाशी पोहे अडकावेत तसे. घाई जास्त, तर उशीरही जास्त. यावर त्यांनी सुचवलं, दारासमोर जरासा बाजूला एक खांब उभा करा. मागचा रेटा खांब घेतो, दाराशी श्वास घ्यायला जागा राहते.

म्हणजे वाट अडवून वाट मोकळी करायची! रस्त्यावर गाडे लावणाऱ्यांच्या कानी हे गेलं तर ते लेखाला फ्रेम करून हार घालतील.

पण थांबा. पुढे स्पेनमधल्या नवारा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मेंढ्यांवर करून पाहिलं. चाऱ्याकडे धावणाऱ्या मेंढ्या दारासमोर अडथळा ठेवल्यावर खरंच कमी अडकल्या. मग माणसांवर प्रयोग झाला, तर वेळ काही वाचला नाही. मेंढ्यांना जमलं ते आपल्याला जमू नये, याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

शिवाय खांब निदान एका जागी उभा असतो. आमच्या जत्रांतले अडथळे चालते-बोलते. आरती संपते, माणसं बाहेर निघतात, आणि देवाकडे पाठ कशी फिरवायची म्हणून नेमकी उंबऱ्यात वळून पुन्हा हात जोडतात. ते उरकतं तोवर पुढचा वाकलेला असतो, आपली डावी चप्पल शोधत. मागून 'फुडें सर गो बाय!' सुरू होतं. आणि सरायचं कुठे?

देवळाच्या सपाट अंगणात हे हसण्यावारी नेता येतं. उतारावर नाही. तिथे कुणी मुद्दाम ढकलायची गरजच नसते. एकाचा पाय घसरला की मागच्यांचं वजन आपोआप पुढे येतं. मे 2025 मध्ये शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, ती उताराच्या वाटेवरच. माणसं गेली. तेव्हापासून जत्रेला निघताना मी वाट चढाची की उताराची, हे आधी पाहतो.

मला विचाराल तर खांबबिंब राहू दे. चपला ठेवायची जागा दारापासून वीस पावलं लांब न्यावी. आमच्या आत्येला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि मे महिन्यात भर दुपारी त्या तापलेल्या फरशीवरून वीस पावलं कोण चालणार, तुझा तो नेचरवाला?"